दोघांची दुचाकी सहल : सांगली – कुंभार्ली – गुहागर – जयगड – रत्नागिरी – आंबा घाट (मागच्या सीटवरून)

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी,

सांगलीहून कोकण किनारा दुचाकीवर कसा करावा, हे ओळखीची जोडपी मला सतत विचारतात. दर वेळी फोनवर तेच सांगण्यापेक्षा इथे नीट लिहून ठेवते.

दुचाकीच्या सहलींवर इथे धागे भरपूर आहेत, पण बहुतेक पुढे बसणाऱ्याने लिहिलेले. ॲव्हरेज किती पडलं, घाट कोणत्या गिअरमध्ये उतरला, दिवसात किलोमीटर किती झाले. मागे बसलेलीचे पाय कुठे आखडले, तिला कुठे थांबायचं होतं, तिने काय पाहिलं, हे त्यात येत नाही. माझं म्हणणं सरळ आहे. सहल दोघांची असेल तर तिची आखणी मागच्या सीटवरून व्हायला हवी. पुढच्याला हॅण्डलचा आधार असतो, खड्डा आधी दिसतो, ब्रेक कधी लागणार ते ठाऊक असतं. मागच्याला यातलं काहीच नाही. त्यामुळे आधी दमतो तो मागचा, आणि एक जण दमला की समुद्र कितीही सुंदर असू दे, दोघांच्याही हाती काही लागत नाही.

गाडी आमची ३५० सीसीची बुलेट. वेग ऐंशीच्या आत. हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात घाटात दरडी आणि धुकं, मे महिन्यात किनाऱ्यावर घामाने जीव नको होतो.

शनिवार. पहाटे साडेपाचला सांगली सोडायची. आष्टा, पेठ नाका, मग हायवेने कराड. इथपर्यंत रस्ता आपल्या रोजच्या ओळखीचा, सांगण्यासारखं काही नाही, थंडी मात्र कडक असते. कराडला उजेड होतो. तिथून पाटणचा रस्ता धरला की उसाची शेतं हळूहळू मागे पडतात आणि डोंगर दोन्ही बाजूंनी जवळ येऊ लागतात. मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर. नाश्ता पाटणलाच करा, पुढे सकाळी लवकर काही मिळेल याची खात्री नाही.

कोयनानगरला मी नेहमी थांबायला लावते. धरण १०३ मीटर उंच, मागे शिवसागर जलाशय, क्षमता १०५ टीएमसीच्या आसपास. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप इथलाच. आमच्या घरातली जुनी माणसं त्या पहाटेबद्दल अजून बोलतात. पण मला थांबवतं ते दुसरंच. कोयना कराडला कृष्णेला मिळते आणि तेच पाणी पुढे सांगलीत आपल्या आयर्विन पुलाखालून जातं. इथे मात्र त्यातलं बरंचसं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला पोफळीकडे उतरवलंय. तिथे त्याची वीज होते आणि ते वाशिष्ठीत जाऊन दाभोळला समुद्राला मिळतं. म्हणजे आपण घाट उतरतो तेव्हा आपल्याच नदीचं पाणी शेजारून खाली उतरत असतं. हे कळल्यापासून कुंभार्ली घाट मला परका वाटत नाही.

हेळवाकच्या पुढे घाटमाथ्यावर चहाच्या टपऱ्या आहेत. तहान नसली तरी तिथे उतरा. मागे बसणाऱ्याने दहा मिनिटं चालून घ्यायचं. यानंतर सलग उतार आहे आणि उतारात मागच्याचं सगळं वजन पुढे सरकतं. पुढच्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला ढकलत बसू नका, त्याने हॅण्डल जड होतं. एक हात मागच्या लोखंडी पकडीवर, एक त्याच्या कमरेला, गुडघे आत आवळलेले. पुढच्याने दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनावर गाडी रोखत उतरायचं. सारखा ब्रेक दाबत गेलं की मागचा माणूस प्रत्येक वळणाला पुढे आदळतो, आणि ब्रेकही तापतात.

खाली पोफळी, अलोरे, मग चिपळूणचा बहादूरशेख नाका. हवा एकदम बदलते, जॅकेट काढावं लागतं. टाकी इथेच भरून घ्या. गुहागर रस्त्याला मार्गताम्हाने, शृंगारतळी. जेवायला गुहागर. सांगली ते गुहागर साधारण सव्वादोनशे किलोमीटर होतात आणि माझ्या हिशोबात ते दिवसाला पुरेसे आहेत. दुपारनंतर गाडी उभी करून टाकायची. व्याडेश्वराचं दर्शन, दुर्गादेवी, आणि मग तो लांबच लांब किनारा. सुरूच्या बनातून वाळूत पाय ठेवला की उजवीकडे-डावीकडे कुठेच शेवट दिसत नाही. आम्ही तिथे सूर्य बुडेपर्यंत नुसते चालतो. घरी ज्या गोष्टींवर बोलायला वेळ होत नाही त्या तिथे बोलून होतात. राहायला घरगुती निवास आधी सांगून ठेवा, रात्रीचं जेवणही त्यांनाच सांगा. आमच्याकडच्या झणझणीत रस्स्याच्या सवयीला तिथली सोलकढी आणि कुळथाचं पिठलं फार चांगला उतारा आहे.

रविवार हा या सहलीचा खरा दिवस. गुहागरहून पालशेतमार्गे वेळणेश्वर, मग हेदवी, मग तवसाळ. नकाशात किनारा सलग दिसतो, पण रस्ता तसा नाही. डोंगर चढायचा, सड्यावर म्हणजे माथ्यावरच्या कातळपठारावर यायचं, पुन्हा वाडीत उतरायचं. सड्यावर जांभा दगड आणि पिवळं गवत, वाडीत उतरलं की एकदम गारवा, माडा-पोफळींची सावली, अंगणात वाळत घातलेली सुपारी. या टप्प्यात गाडी मी चालवते. रहदारी कमी, वेग कमी. नवरा मागे बसतो आणि त्यालाही कळतं की मागून काय काय दिसतं. ज्या बायकांना गिअरची गाडी येते त्यांनी हा टप्पा स्वतःकडे मागून घ्यावा. येत नसेल त्यांनी आधी गावाबाहेरच्या मोकळ्या रस्त्यावर शिकून घ्यावी, अवघड काही नाही. वजन दोनशे किलोच्या आसपास आहे, पण ते गाडी थांबलेली असताना जाणवतं, चालताना नाही.

हेदवीचा दशभुज गणेश बघा आणि समुद्राकाठची बामणघळही. कातळात एक अरुंद चीर आहे, भरतीच्या लाटा तीत घुसतात आणि पाणी वर उसळतं. भरती नसेल तर तिथे काहीच घडत नाही, म्हणून वेळ बघून जा.

तवसाळला रस्ता संपतो. समोर शास्त्री नदीची खाडी, पलीकडे जयगड. इथून फेरीबोट. मला सगळ्या सहलीत ही वीस-पंचवीस मिनिटं सर्वांत आवडतात. बोट धक्क्याला लागते, साखळ्या खडखडत पुढची फळी खाली येते, आधी पलीकडची वाहनं उतरतात, मग आपली चढतात. दुचाकी बहुतेक कडेला लावायला सांगतात. इंजिन बंद करून गाडी गिअरमध्ये ठेवा आणि एकाने शेजारी उभं राहून हॅण्डल धरा. डेकचं लोखंड खाऱ्या पाण्याने ओलं असतं, आणि तशा ओल्यावर साइड स्टॅण्ड सरकतो. नवरा तिकीट काढायला जातो तेव्हा मी ब्रेकचा दांडा दाबून उभी असते. पायाखाली इंजिनाची थरथर, डिझेलचा वास, पाण्यावर पांढऱ्या कुरव पक्ष्यांचे थवे, आणि जयगडचा बुरूज हळूहळू मोठा होत येतो. रविवारी सकाळी दहाच्या आत पोचलं तर गर्दी कमी. वेळापत्रक बदलतं, म्हणून आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या घरी विचारून घ्या.

जयगडनंतर मालगुंड. केशवसुतांचं जन्मगाव. त्यांचा जन्म १८६६ चा, स्मारक रस्त्याला लागूनच आहे. मी मराठी शिकवते, त्यामुळे तिथे मला ओढून काढावं लागतं. मग गणपतीपुळे, आणि तिथून निवळी फाट्याला न जाता आरे-वारेच्या रस्त्याने रत्नागिरी. हा पंचवीसेक किलोमीटरचा तुकडा म्हणजे या सहलीतला सर्वांत देखणा रस्ता. चढावर वळण घेतलं की खाली एकीकडे आरे, दुसरीकडे वारे, मध्ये सुरूचं बन. फोटोसाठी वळणावर गाडी थांबवू नका, वर मोकळी जागा आहे.

रत्नागिरीत जेवून दोनच्या सुमारास निघायचं. हातखंबा, पाली, साखरपा, आंबा घाट. मिऱ्या–नागपूर महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम जिथे चालू असेल तिथे माती आणि खडी असते, तिथे मागच्याने अंग ताठ करू नये. आंबा घाट उजेडात चढा. हा सगळा पट्टा सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाच्या शेजारचा, अंधार पडू लागला की गवे रस्त्यावर येतात. मलकापूरहून कोकरूड, शिराळा, पेठ नाका, सांगली. रात्री आठच्या आत घरी.

प्रश्न असतील तर विचारा.

मिरज_जंक्शन

ताई, छान सविस्तर लिहिलंय. पण आम्ही मित्र शनिवारी आंब्याने उतरून रत्नागिरी, तिथून सागरी महामार्गाने थेट मालवण आणि रविवारी फोंडा घाटाने परत, असं करतो. गुहागरला दुपारी गाडी उभी करायची म्हणजे अर्धा दिवस वाया नाही का?

कृष्णाकाठची

वाया अजिबात नाही, तोच अर्धा दिवस तर पाहिजे असतो. रत्नागिरीच्या खाली पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळीचा कनकादित्य, आडिवरे, जैतापूर, देवगड, कुणकेश्वर. यातलं प्रत्येक ठिकाण थांबण्यासारखं. सलग गेलात तर यातल्या कुठल्या गावात पाय ठेवला हे सोमवारी आठवत नाही. मित्र-मित्र असताना कोण किती दमलं हे कुणी बोलून दाखवत नाही. नवरा-बायकोत ते घरी आल्यावर निघतं.

दक्षिणेचा भाग वेगळ्या शनिवार-रविवारी करा. आंब्याने उतरा, रत्नागिरीहून भाट्याचा पूल ओलांडून पावस, तिथून पूर्णगड, कशेळी, आडिवरे करून राजापूर. परतीला ओणी, पाचल, अणुस्कुरा घाट. अणुस्कुऱ्यात रहदारी कमी आणि जंगल जास्त. मालवण त्याच्याही पुढच्या खेपेला.

खाडीपल्याड

मी गुहागर तालुक्यातला. आमच्या भागाबद्दल इतक्या मायेने लिहिलंत, वाचून बरं वाटलं. दोन-तीन गोष्टींची भर घालतो.

भरतीचा हिशोब. मोबाइलवर तक्ते मिळतात, पण आमच्याकडे जुनी माणसं तिथीवरून सांगतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनच्या सुमारास पूर्ण भरती, पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा. त्याच्या साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी भर बाराला. पौर्णिमा-अमावास्येला भरती साधारण सव्वाअकराला, आणि पाणी सर्वांत जास्त चढतं ते त्याच दिवसांत, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फार चढतही नाही, उतरतही नाही. मिनिटाला मिनिट जुळणार नाही, पण बेत ठरवायला पुरतं. तेव्हा बामणघळ बघायची तर पौर्णिमा किंवा अमावास्येच्या जवळचा रविवार धरा आणि अकराच्या सुमारास तिथे असा. उभं राहायचं ते मात्र कोरड्या कातळावर. ओला, शेवाळी कातळ दिसला की त्याच्या पुढे एक पाऊलही नाही. लाट कुठवर येते हे त्या ओलाव्यावरून कळतं.

दुसरं, कृपा करून गाडी वाळूत घालू नका. गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, थंडीच्या महिन्यांत, म्हणजे बरोब्बर तुमच्या सहलीच्या हंगामात. मादी वाळूत खड्डा करून अंडी पुरते आणि समुद्रात निघून जाते. वरून काहीही दिसत नाही. दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. आमच्याकडची पोरं पहाटे किनारा फिरून घरटी शोधतात आणि कुंपणात सुरक्षित ठेवतात. मंडणगडातल्या वेळासला हे काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून उभं केलं, त्यातून किनाऱ्यावरच्या बऱ्याच गावांनी धडा घेतला. एका चाकाखाली शंभरच्या आसपास जीव जाऊ शकतात. रात्री किनाऱ्यावर बॅटरीचे झोतही मारू नका.

तिसरं, रेवस–रेडी सागरी महामार्गात दाभोळ आणि जयगड खाड्यांवर पूल आखलेले आहेत. ते झाले की फेरीबोटीची ही मजा राहील की नाही, सांगता येत नाही. तोवर येऊन जा.

कृष्णाकाठची

तिथीचं गणित आजच वहीत उतरवून घेतलं. कासवांचं लिहिलंत ते फार गरजेचं होतं. वाळूत गाडी उभी करून फोटो काढणारी मंडळी आम्हीही बघतो, आणि वाईट वाटतं.

स्टिअरिंग_ते_विठ्ठल

ताई, मी एसटीतला निवृत्त चालक. सांगली-रत्नागिरी, सांगली-चिपळूण दोन्ही मार्ग बरीच वर्षं केले. पोरांना सांगायचं ते इथे सांगतो.

घाटात चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. नियमातही तसं आहे आणि शहाणपणही तेच. उतरणाऱ्याने थांबायचं. एसटी किंवा मालट्रक आखूड वळण घेताना पुढचं तोंड पलीकडच्या कडेला नेतो आणि मग मागचं अंग आत ओढतो. त्या वेळी आतल्या बाजूला जागा मोकळी दिसते, आणि दुचाकीवाला तिथेच घुसतो. मागचं चाक नेमकं तिथूनच येतं. चालकाला तुम्ही आरशात दिसत नाही. गाडी पूर्ण वळू द्या, मग जा.

हिवाळ्यात सकाळी झाडाखालच्या वळणांवर दव असतं, वर पाला पडलेला. ऊन पोचलेलं नसतं. कोरड्या दिसणाऱ्या रस्त्यावर तेवढाच तुकडा ओला सापडतो. वळणाच्या आधी वेग कमी करायचा, वळणात शिरल्यावर ब्रेक नाही. डबल सीट असताना गाडी थांबायला जास्त अंतर घेते, हे ध्यानात ठेवून पुढच्या गाडीपासून लांब राहा. मागच्या चाकात हवा किती घालायची ते कंपनीच्या पुस्तकात दोघांसाठी वेगळं दिलेलं असतं, ते बघा.

आणि हेल्मेट दोघांनाही. मागच्याला नको असा गैरसमज आपल्याकडे फार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये दोघांनाही सक्तीचं आहे. कायदा बाजूला ठेवा, मी घाटात जे बघितलंय ते बघितल्यावर कुणी हेल्मेटशिवाय बायकोला मागे बसवणार नाही.

कृष्णाकाठची

काका, तुमचा प्रतिसाद मुद्दाम दोनदा वाचला. आतल्या बाजूच्या मोकळ्या जागेबद्दल इतकं नेमकं कुणी सांगितलं नव्हतं.

कराडची_लेक

मला विचारायचंय ते जरा वेगळं. नवरा तयार आहे, मीही तयार आहे, पण वाटेत बाथरूमचं काय? या एका कारणाने मी दिवसभर पाणी न पिता प्रवास करते. आणि कपडे कोणते घालायचे? देवळात जायचं तर साडी नको का?

कृष्णाकाठची

अगं, हा प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. पाणी न पिता अजिबात जाऊ नकोस. कोकणातल्या दमट हवेत घाम किती जातो ते वाऱ्यामुळे गाडीवर कळत नाही, आणि संध्याकाळी डोकं धरतं.

पेट्रोल पंपावर स्वच्छतागृह असणं बंधनकारक आहे. कुलूप असेल तर किल्ली मागायची, स्पष्ट मागायची. मी पेट्रोल भरायच्या आधी विचारते. मिळणार असेल तरच गाडी नळीपाशी लावायची. कराड सोडायच्या आधी एकदा, पाटण, चिपळूण, मग थेट मुक्काम. रविवारी गुहागर सोडल्यावर गणपतीपुळ्यापर्यंत भरवशाचं ठिकाण कमी, म्हणून वेळणेश्वर किंवा हेदवीला ज्या घरगुती खानावळीत चहा-पोहे घेशील तिथेच विचारायचं. घरातल्या बायका आनंदाने दाखवतात. पाळीच्या दिवसांत जायचं की नाही हे तूच ठरव. जायचं ठरलं तर रविवारचा पल्ला कमी कर आणि रत्नागिरीला दुसरा मुक्काम टाक. नवऱ्याला आधी सांग, घाटात नको.

कपडे म्हणजे जाड जीन्स, पायात बूट, वर पूर्ण बाह्यांचं जॅकेट. ओढणी, स्कार्फचं टोक, पदर, काहीही सुटं राहता कामा नये. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये टोक अडकलं की गळ्यालाच ओढ बसते. देवळासाठी एक सुती कुर्ता घडी करून ठेव, तेवढा पुरतो. दोन्ही बाजूंना पाय टाकूनच बस. एका बाजूला बसून घाट उतरणं धोक्याचं.

आणखी एक. सामानाची पिशवी तुझ्या पाठीवर नको. बहुतेक घरांत तसंच होतं, गाडी तो चालवतो म्हणून बॅग हिच्या पाठीवर. तासाभरात खांदे भरून येतात. गाडीच्या दोन्ही बाजूंना लावायच्या पिशव्या मिळतात, त्यात सामान. तुझ्याजवळ फक्त पाणी आणि भडंगाचा पुडा.

आमच्या खुणाही सांगते. खांद्यावर एक थाप म्हणजे हळू, दोन म्हणजे सोयीची जागा बघून थांब, आणि मांडीवर जोरात थाप म्हणजे आत्ता थांब. वाऱ्यात ओरडून काही ऐकू जात नाही. दोन थापांवर 'कशाला?' असं विचारायचं नाही, हा आमच्यात नियम आहे.

विटेकर

खानापूर, कडेगाव, जत भागातल्या मंडळींसाठी सांगतो. गुहागर–विजापूर महामार्ग जत, विटा, कराड, चिपळूण असा थेट गुहागरला जातो. आमच्या दारातला रस्ता पश्चिमेकडे धरला की दुसरं टोक समुद्रात. विट्याहून निघालात तर सांगली, पेठ नाका काही करायला नको. आमच्याकडे चारा छावणीचे दिवस बघितलेली माणसं पहिल्यांदा या रस्त्याने कोयनेच्या पलीकडे उतरतात तेव्हा एवढं हिरवं बघून गप्प होतात. माझी आई झाली होती.

सातारी_कंदी

साताऱ्याहून विचारतोय. लग्नाला वर्ष व्हायचंय. आम्हाला जायचंय, पण घरी आई म्हणते, सुनेला एवढ्या लांब गाडीवर नेऊ नको, चारचाकी कर. मलाही कधी कधी वाटतं, दोघांना दुचाकीच कशाला? आणि आम्ही कुठून उतरायचं?

कृष्णाकाठची

रस्ता सोपा आहे. हायवेने उंब्रज, तिथून वळून मल्हारपेठ, मग पाटण. कराडला जायची गरज नाही. पुढे सगळं वरच्यासारखं. परतीला आंबा घाट चढून मलकापूर, कोकरूड करून कराडला हायवेला लागा. पण साताऱ्याचं अंतर त्या बाजूने वाढतं, म्हणून दुसरा मुक्काम धरा.

एवढ्या लांब जायच्या आधी एका रविवारी साताऱ्याहून कोयनानगर करून या, जाऊन येऊन. तुमच्या सौभाग्यवतींना संध्याकाळी विचारा, पाठ कशी आहे, भीती कुठे वाटली, आणि त्या सांगतील ते मनापासून ऐका. मग ठरवा. आईंची काळजी खरी आहे, तिला उत्तर दोन हेल्मेट, उजेडातला प्रवास आणि पोचल्यावर लगेच फोन. जायचं की नाही याचा निर्णय मात्र मागे बसणारीचा.

दुचाकीच कशाला, याचं माझ्यापुरतं उत्तर असं. गाडीत काच असते. दुचाकीवर गाव येतं ते आधी नाकाला कळतं. सड्यावर तापलेल्या गवताचा वास, वाडीत शेणाने सारवलेल्या अंगणाचा, खाडीजवळ सुकत घातलेल्या मासळीचा. घाट उतरताना हवा ऊबदार होत जाते ती हातांच्या तळव्यांना जाणवते. आणि दोघांमध्ये मोबाइल, गाणी, घरचे फोन यांपैकी काही नसतं. बोलायचं तर थांबावंच लागतं. आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, शाळा, मुलाची दहावी, सासूबाईंचं आजारपण, सगळं चालू असतं. वर्षातून अशा दोन दिवसांत आम्ही एकमेकांशी जितकं नीट बोलतो तितकं एरवी महिन्यात बोलत नाही. मला ते फार मोलाचं वाटतं.

मिरज_जंक्शन

एक तांत्रिक. किनाऱ्यावरून आल्यावर चेनवर आठवडाभरात गंज दिसतो. तुम्ही काय करता? आणि पंक्चरचं?

कृष्णाकाठची

हे खातं नवऱ्याचं, त्याला विचारून लिहिते. घरी आल्यावर दुसऱ्याच दिवशी गोड्या पाण्याने पूर्ण धुवायची, चाकांच्या तारा आणि सायलेन्सरच्या खालची बाजू विसरायची नाही. जोराचा फवारा बेअरिंगवर मारायचा नाही. चेन कोरडी पुसून चेनचं वंगण मारायचं. खारा वारा लागतोच, पाण्यात गाडी घातली नाही तरी. पंक्चरचं असं, की तारांच्या चाकात ट्यूब असते, तिथे नुसता पट्टी-किट चालत नाही, चाक उघडावं लागतं. सड्यावर मैल न् मैल दुकान नाही. आम्ही जादा ट्यूब, पाने आणि छोटा पंप सोबत ठेवतो. मिश्रधातूची चाकं आणि ट्यूबलेस टायर असतील तर किट पुरतं. निघायच्या आठवड्यात क्लच आणि ॲक्सिलरेटरच्या केबल बघून घ्यायच्या.

सातारी_कंदी

कोयनानगर करून आलो. बायकोला हा धागा वाचायला दिला. तिची पाठ ठीक आहे, पण मागची सीट अरुंद वाटली, ती बदलून घेतोय. ती म्हणते बामणघळ उसळताना बघायचीच, म्हणजे पौर्णिमेजवळचा रविवार. पण मग अकरापर्यंत हेदवीत थांबलो तर त्याच रात्री साताऱ्याला कसं पोचायचं?

खाडीपल्याड

नाही पोचायचं. साडेदहाला दशभुज गणेश करा, अकराला बामणघळ, जेवून आरामात तवसाळला या. उधाणाच्या दिवशी दुपारनंतर पाणी खूप उतरतं, धक्क्याचा उतार शेवाळी होतो, तिथे मागच्या माणसाने खाली उतरून चालत यायचं. संध्याकाळ आरे-वारेला.

कृष्णाकाठची

आणि मुक्काम रत्नागिरीत. सोमवारची रजा आत्ताच टाका. सकाळी सातला निघालात तर आंबा उजेडात चढून होतो, दुपारच्या चहाला घरी.

सातारी_कंदी

रजा टाकली. तिची आधी मंजूर झाली, माझी उद्या कळेल.